खडीच्या कोठीचा सौर वाळवणी संच : नाशिकच्या द्राक्षमळ्यातील एका हंगामाचा अनुभव

गेल्या हंगामात बेदाणा करण्यासाठी आम्ही नाशिकमधील एका फॅब्रिकेटरकडून सौर वाळवणी संच बनवून घेतला. दिवसा तापलेली हवा दगडी खडीने भरलेल्या कोठीतून फिरवायची आणि तिथे साठलेल्या उष्णतेवर रात्रीही वाळवण चालू ठेवायचे, हे या संचाचे वैशिष्ट्य आहे. मळा निफाड तालुक्यात असून थोरले बंधू, आमचे दादा, तो पाहतात. मी रासायनिक अभियंता आहे. उत्प्रेरकाच्या गोळ्यांनी भरलेल्या रिॲक्टरांवर नोकरीची अनेक वर्षे काढल्यामुळे दाण्यांच्या थरातून वायू जाताना उष्णता कशी चालते, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय राहिला आहे. म्हणूनच संचाची निवड दादांनी माझ्यावर सोपवली, आणि त्यात जे चुकले त्याचा काही भाग माझ्याकडेही येतो, कारण कोठीच्या आत काय भरले आहे हे मी पैसे देण्याआधी उघडून पाहिले नाही. उत्पादकाचे नाव देत नाही. ज्या उणिवा मी लिहिणार आहे, त्या या प्रकारचा संच घेणाऱ्या कोणालाही कुठेही भेटू शकतात, आणि नावापेक्षा त्या ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे.

आधी गरज सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला किंवा भाव पडला की निर्यातीला न जाणारा माल बेदाण्याकडे वळवावा लागतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढलेले घड शेडमधील जाळ्यांवर पसरले, तर बेदाणा तयार व्हायला बारा ते पंधरा दिवस लागतात. एवढ्या दिवसांत एखादे ढगाळ आठवडाअखेर आले तरी मालाचा रंग जातो. त्यातून निफाडची थंडी सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारीतल्या रात्री शेडमधील हवा थंड आणि दमट होते, दिवसभर सुकत आलेले मणी रात्री नुसते पडून राहतात, आणि चोवीस तासांपैकी जेमतेम आठ-नऊ तास कामी येतात. उरलेले तास कामी आणणारा संच म्हणून आम्ही या कोठीकडे पाहिले.

संचात २४ चौरस मीटरचा काळ्या पत्र्याचा, वर काच असलेला, उन्हाने हवा तापवणारा कलेक्टर आहे, ४०० किलो द्राक्षे मावतील एवढ्या ट्रेंची वाळवणखोली आहे, आणि या दोहोंच्या मध्ये १.२ मीटर लांब, तितकीच रुंद आणि १.५ मीटर उंच खडीची कोठी आहे. कोठीत साडेतीन टन दगड बसतो. काळा दगड आपल्या नाशिकात मुबलक आहे. पांडवलेणी ज्या कातळात कोरली आहेत, तोच हा बेसॉल्ट. घनतेने चांगला, उष्णतेने सहसा न फुटणारा आणि खडीच्या क्रशरवर सहज मिळणारा असल्यामुळे उष्णता साठवण्यासाठी तो खरोखर योग्य आहे. एका किलो पाण्यात जेवढी उष्णता राहते तिच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी एका किलो दगडात राहते, त्यामुळे पाणी वापरले असते तर बरेच चांगले झाले असते असे काहींना वाटेल. पण पाण्याला वेगळा उष्मा-विनिमयक लागतो, नळ्या गळतात, गंजतात, आणि हवेची उष्णता पाण्यात व पुन्हा हवेत देताना तापमानाचे काही अंश प्रत्येक वेळी हातचे जातात. खडीच्या कोठीत हवा थेट दगडाला भिडते आणि प्रत्येक घनमीटरमागे दगडाचा शंभर चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग तिला मिळतो. या जागी खडीच बरोबर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता कोठी कशी चालते ते नीट सांगितले पाहिजे, कारण पुढची सगळी तक्रार आणि सगळी प्रशंसा त्यावरच उभी आहे. आमचा पंखा तासाला सुमारे ६०० किलो हवा कोठीतून ढकलतो. दगडांमधल्या फटींतून वाट काढत ही हवा दीड मीटरचा थर पाच-सहा सेकंदांत ओलांडते. उष्णता मात्र तिच्याबरोबर धावत नाही. हवा ६० अंशांनी वरून आत शिरते, पहिल्या काही थरांतील दगडांना उष्णता देऊन टाकते आणि खाली पोहोचेपर्यंत पुन्हा थंड झालेली असते. वरचे दगड भरले की पुढचे दगड घेऊ लागतात. अशा रीतीने गरम आणि थंड भागांमधली सीमा हळूहळू खाली सरकते. साडेतीन टन दगड एक अंशाने तापवायला सुमारे ३,००० किलोज्यूल लागतात, या हिशेबाने आमच्या कोठीत ही सीमा तासाला साधारण ३० सेंटिमीटर चालते आणि पूर्ण थर भरायला पाच तास लागतात. हवेचे सेकंद आणि उष्णतेचे तास यांतला हा फरक मला आजही विलक्षण वाटतो. शुमान यांनी १९२९ मध्ये अशा थराचे गणित मांडले, आणि भट्ट्यांपासून सौर कोठ्यांपर्यंतच्या हिशेबांत ते आजही वापरात आहे.

कोठी चांगली की वाईट हे ही सीमा किती रेखीव राहते यावर ठरते. सीमा रेखीव असेल, तर वरचा भाग पूर्ण ६० अंशांचा आणि खालचा भाग पूर्ण थंड राहतो, आणि रात्री आपल्याला ६० अंशांची हवा मिळते. सीमा पसरली, तर तीच उष्णता सगळ्या थरात ४०-४५ अंशांनी विखुरते. हिशेबाने उष्णता तेवढीच असते, पण द्राक्ष वाळवायला तिचा उपयोग अर्धाही उरत नाही. या पसरण्यालाच आमच्या व्यवसायात थर्मल डिस्पर्शन म्हणतात, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात तिचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. तिथे फक्त ‘साडेतीन टन साठवण’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते.

पहिली खेप लावली तेव्हा वहिनींना आमच्या आधी शंका आली. संध्याकाळी सात वाजता, पंखा रात्रीच्या फेऱ्यावर टाकल्यानंतर, त्यांनी वाळवणखोलीच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाल्या, “भाऊजी, दुपारी इथं हात टिकत नव्हता, आता तर वारा नुसता कोमट आहे. मग ती खडी दिवसभर काय तापली?” तापमापी लावून पाहिले तर कोठीच्या माथ्याशी ५८ अंश होते आणि खोलीत येणारी हवा ३४ अंशांची होती. रात्री अकरापर्यंत ती ३८ च्या वर गेली नाही. पहिल्या खेपेला नऊ दिवस लागले. शेडपेक्षा ते कमी होते, हे मान्य, पण दिलेल्या पैशांच्या मानाने अजिबात पुरेसे नव्हते.

दुसऱ्या खेपेआधी मी कोठीत वरून १५, ४५, ७५, १०५ आणि १३५ सेंटिमीटर खोलीवर पाच थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, सोडले. तीन तास भरणी झाल्यावर सीमा ९० सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी होती, म्हणजे वरचे दोन-तीन आकडे साठीजवळ आणि खालचे तिशीजवळ. प्रत्यक्षात वरून खाली ५७, ५३, ४८, ४२ आणि ३७ असे आकडे मिळाले. त्याला सीमा म्हणताच येत नव्हते, तो एक लांबलचक उतार होता. असा उतार का पडतो याची मला कल्पना होती, तरी खात्रीसाठी कोठीचे झाकण उघडले.

आत बहुतेक ६० ते ८० मिलिमीटरचा डबर होता, आणि त्याच्या फटींत क्रशरचा न धुतलेला चुरा बसलेला होता. दगडाच्या आकाराला एवढे महत्त्व का, याची दोन कारणे आहेत. मोठ्या दगडांत दर घनमीटरमागे पृष्ठभाग कमी मिळतो, आणि हवेपासून पृष्ठभागाकडे उष्णता जाण्याचा वेगही मोठ्या दगडाशी मंदावतो. हवा आणि दाणे यांच्यातील उष्णतेच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाकाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सूत्राने मी आमच्या हवेच्या वेगासाठी आकडे काढले, तर २५ मिलिमीटरच्या खडीला भोवतालच्या हवेचे तापमान गाठायला साधारण सात मिनिटांचा कालावधी लागतो आणि ८० मिलिमीटरच्या दगडाला त्याच मापाने पस्तीस मिनिटांहून अधिक. शिवाय दगडाच्या पोटात उष्णता शिरायलाही वेळ लागतो, आणि तो व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दगड तिप्पट झाला की वेळ नऊपट होतो. दगड घेऊ शकत नाही ती उष्णता हवा पुढच्या थराकडे नेते, आणि सीमा फाटत जाते. याच्या जोडीला हवेच्या झोतांचे आपसात मिसळणेही आहेच. साधारण दर दाण्याइतक्या अंतरावर हवा एकदा ढवळून निघते असे ढोबळपणे धरता येते, त्यामुळे दाणा मोठा तर ढवळण्याची पावलेही मोठी आणि उष्णता अधिक पसरलेली. आमच्या कोठीत पसरण्याचा मोठा वाटा दगडाच्या मागे पडण्याचा होता, मिसळण्याचा लहान. दोन्हींवर उपाय मात्र एकच, योग्य आकाराची सारखी खडी.

मग सर्वांत बारीक खडी का भरू नये, असा प्रश्न दादांनी विचारला, आणि तो रास्त आहे. अर्गन यांचे १९५२ चे समीकरण याचे उत्तर देते. दाणा लहान झाला की हवेला होणारा अडथळा झपाट्याने वाढतो. आमच्या हवेच्या वेगाला २५ मिलिमीटरच्या खडीत पूर्ण थराचा दाबफरक पाण्याच्या दोन-तीन मिलिमीटर उंचीइतकाच होतो, जो पाव अश्वशक्तीचा पंखा सहज पेलतो. दहा मिलिमीटरवर तो तिपटीहून अधिक होतो. चुरा हा यातला खरा शत्रू आहे, कारण तो पोकळी भरून टाकतो, काही वाटा बुजवतो आणि हवेला उरलेल्या वाटांकडे लोटतो. वर तोच चुरा हवेबरोबर ट्रेपर्यंत येतो. पहिल्या खेपेचा बेदाणा चाखताना दाताखाली कच लागली तेव्हा आम्हाला ती शेतातली माती वाटली होती, पण ती खडीची भुकटी होती. खाण्याच्या वस्तूसाठी विकल्या जाणाऱ्या संचात न धुतलेली खडी भरणे मला अक्षम्य वाटते.

दुसरा दोष भिंतीचा होता आणि तो मला उदबत्तीने दिसला. पंखा चालू ठेवून, वरचे झाकण काढून मी थराच्या पृष्ठभागावर उदबत्ती फिरवली. मधोमध धूर जेमतेम कलत होता, काही ठिकाणी तर सरळ वर जात होता. कडेला नेताच तो एखाद्या दोऱ्यासारखा ताणला जाऊन पत्र्याच्या पन्हळीत खेचला गेला. कोठीच्या भिंती पन्हळी पत्र्याच्या होत्या आणि ८० मिलिमीटरचे दगड त्या पन्हळींत बसत नव्हते, त्यामुळे चारही बाजूंनी वरपासून खालपर्यंत मोकळ्या नळ्याच तयार झाल्या होत्या. सपाट भिंतीलगतही दाणे मधल्यासारखे घट्ट रचले जात नाहीत. यादृच्छिक भरलेल्या गोल दाण्यांत मध्यभागी पोकळीचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असते, तर थेट भिंतीशी ते जवळजवळ शंभर टक्के होते आणि चार-पाच दाण्यांच्या अंतरापर्यंत कमी-जास्त होत राहते. रात्री हवा सोपी वाट धरते, भिंतीलगतून न तापताच निसटते आणि खाली गरम हवेत मिसळून तिचे तापमान उतरवते. कोठीची रुंदी दाण्याच्या व्यासाच्या निदान दहापट, आणि शक्य तर वीस-तीसपट असावी, ही खूणगाठ याच कारणासाठी बांधायची असते. आमच्या कोठीत ती जेमतेम पंधरापट होती, आणि त्यात पन्हळींची भर.

तिसरा दोष जोडणीचा होता, आणि तो सर्वांत स्वस्तात टाळता आला असता. दिवसा गरम हवा वरून खाली जात होती, ते बरोबर होते, कारण गरम भाग वर राहिला की पंखा बंद असतानाही थर स्थिर राहतो. रात्री मात्र थंड हवाही वरूनच आत येऊन खालून खोलीकडे जात होती. म्हणजे माथ्याशी जपलेली ५८ अंशांची उष्णता आधी दीड मीटर थंड दगडांतून खाली ढकलायची, वाटेत तिला पसरू द्यायचे, आणि मग ती खोलीत पोहोचण्याची वाट पाहायची. रात्री हवा उलटी, खालून वर, घेतली असती तर सर्वांत गरम थर सर्वांत शेवटी लागला असता आणि पहिल्या मिनिटापासून कडक हवा मिळाली असती. त्यासाठी दोन झडपा आणि थोडी डक्ट एवढेच लागते.

हे सगळे आकड्यांसह उत्पादकासमोर ठेवले. इथे त्यांची बाजूही नोंदवली पाहिजे. त्यांनी वाद घातला नाही, थर्मोकपलचे आकडे स्वतः उभे राहून पाहिले आणि चौथ्या दिवशी वेल्डर व दोन मदतनीस पाठवले. झडपा आणि डक्ट त्यांनी स्वखर्चाने बदलून दिल्या. पन्हळीवर आतून सपाट पत्रा बसवून मागच्या फटीत ग्लासवूल भरले. खडीचा खर्च मात्र आमच्या माथी आला, ते मला योग्य वाटले नाही. २० आणि ३० मिलिमीटरच्या चाळण्यांमधली नवी खडी आणली, शेततळ्याच्या पाण्याने ती तीन वेळा धुतली आणि उन्हात वाळवली. निवडताना पांढऱ्या खनिजांच्या गाठी असलेले दगड बाजूला काढले. सिन्नरच्या संग्रहालयात पाहताना डोळ्यांचे पारणे फेडणारी ही झिओलाइट कुळातली खनिजे तापल्यावर आपल्यातले पाणी सोडतात, आणि अशा गाठींचा दगड रोज तापून-निवून भुगा होण्याची भीती असते. खडी ओतताना एकाच जागी ढीग न करता टोपल्याटोपल्याने सगळीकडे पसरत गेलो, नाहीतर मोठे दाणे घरंगळून कडेला जमतात. थराच्या वर आणि खाली हवा पसरण्यासाठी हातभर मोकळी जागा ठेवली, कारण थराचा अडथळा इतका कमी असताना डक्टमधून आलेला झोत सरळ समोरच्या भागातच घुसतो.

त्यानंतर तीन तासांच्या भरणीचे आकडे वरून खाली ६०, ५९, ५२, ३८ आणि ३१ असे आले. दादांनी ते वहीत लिहून घेतले आणि आधीच्या पाच आकड्यांशेजारी ठेवले. त्यांना सूत्रांची गरज उरली नाही. रात्री पंखा निम्म्या वेगावर ठेवल्यावर सात वाजता ५७ अंशांची हवा खोलीत येऊ लागली, मध्यरात्री ती ५२ वर होती आणि पहाटे तीनला ४४ वर. तिसरी खेप सहा दिवसांत उतरली, ४०० किलो द्राक्षांचा साधारण शंभर किलो बेदाणा मिळाला आणि दाताखाली काही लागले नाही. वाळवणखोलीत ६० च्या वर जाऊ न देण्याची काळजी आम्ही घेतली, कारण अधिक उष्णतेने मण्यांचा रंग तपकिरीकडे झुकतो.

कलेक्टरबद्दल तक्रार नाही. काचेची बैठक आणि सांध्यांचे सील उत्तम आहे, हंगामभर एकही गळती झाली नाही. कोठीचे बाहेरचे इन्सुलेशनही जाड आणि नीट गुंडाळलेले आहे. पंखा बंद ठेवून एक रात्र तशीच जाऊ दिली, तर सकाळी माथ्याचे तापमान अवघे चार अंशांनी उतरले होते. त्यात खडीच्या स्वभावाचाही वाटा आहे, दगड एकमेकांना फक्त टोकांवर टेकतात आणि मधली स्थिर हवा उष्णता सहज जाऊ देत नाही, त्यामुळे हवा थांबली की थर स्वतःच आपली उष्णता धरून ठेवतो. ट्रेच्या जाळ्या मात्र हलक्या आहेत आणि भरल्यावर मधोमध खोलगट होतात, तिथे मणी एकमेकांवर साचून ओले राहतात. वाळवणखोलीतून बाहेर पडणारी दमट हवा चुकूनही कोठीकडे वळू नये यासाठी तिसरी झडप हवी होती, ती अजून नाही. थंड खडीत ओलावा धरला की बुरशीचा वास लागतो आणि साडेतीन टन खडी पुन्हा बाहेर काढून धुणे हे गड्यांना सांगायलाही जीवावर येते.

संचाला आम्ही साडेतीन लाखांच्या आत पैसे मोजले आणि खडीबदलात मजुरीसह आणखी काही हजार गेले. दुरुस्तीनंतरच्या स्वरूपात तो त्या किमतीला योग्य आहे आणि मी तो शिफारस करण्याजोगा मानतो. पहिल्या दिवशी आला तशा स्वरूपात मानत नाही. घेणाऱ्याने टनांचा आकडा ऐकून समाधान मानू नये. खडी कोणत्या दोन चाळण्यांमधली आहे, धुतली आहे का, भिंत आतून सपाट आहे का आणि रात्री हवा कोणत्या तोंडाने आत येते, हे विचारावे, आणि पैशांचा शेवटचा हप्ता कोठीत खोलवर सोडलेल्या तापमापींचे आकडे पाहिल्यावरच द्यावा. आमच्या शेजारच्या मळ्यासाठी त्याच कारखान्यात आता दुसरी कोठी तयार होत आहे. ती पाहायला मी गेलो तेव्हा भिंतींना आतून सपाट पत्रा लावून झाला होता आणि आवारात चाळलेली, धुतलेली खडी ताडपत्रीवर वाळत पसरली होती.